घडियाळी पोळ ते मालवण: पहिल्या स्कूबा डुबकीची कृती

बडोद्यात मांडवीजवळच्या आपल्या घडियाळी पोळीतून समुद्र दिसत नाही आणि सूरसागरात उतरायला कोणी देणार नाही. तरीही स्कूबाची निम्मी तयारी इथेच होते, जेवणाच्या टेबलावर. उरलेली निम्मी मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या माशांनी गजबजलेल्या खडकांवर. पोहता येत नसेल तरी ही पहिली डुबकी घेता येते, कारण इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. फक्त क्रम मोडू नका. टेबलावर जे हाताला लागलं नाही ते पाण्याखाली लागत नाही.

साहित्य: डोळे आणि नाक दोन्ही झाकणारा मास्क, स्नॉर्कल, कपडे भिजवायचा रुंद टब, टूथपेस्ट, बेबी शाम्पूची छोटी बाटली, टॉवेल, तिथी दाखवणारं भिंतीवरचं कॅलेंडर, अंगाला घट्ट बसणारे पोहण्याचे कपडे, वाऱ्यासाठी जाकीट, कानटोपी, ओळखपत्र.

वेळ: घरी आठवडाभर रोज पंधरा मिनिटं, तरणतलावात दोन-तीन फेऱ्या, समुद्रात एक सकाळ.

पहिला टप्पा: अडीच महिने आधी

१. तब्येतीची खरी यादी लिहा. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, फुप्फुसाचा जुना आजार, गरोदरपण यांतलं काही असेल, तर यादी घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. “एवढ्याशाने काय होतंय” म्हणून लपवू नका; जमिनीवर गप्प बसलेला आजार पाण्याखाली बोलायला लागतो. दहा वर्षांखालच्या मुलांना ही डुबकी नाही.

२. कॅलेंडर उतरवून तारीख निवडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने घ्या आणि त्यांत अष्टमी ते दशमी हे दिवस शोधा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी ढवळतं, गाळ उठतो. अष्टमीनंतर भांगाची भरती, पाणी त्या मानाने शांत. चांगल्या दिवशी पाच ते दहा मीटरपर्यंत दिसतं. मे अखेर ते ऑगस्ट अखेर जलक्रीडा बंद असतात, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा धरू नका.

३. गाडीचं तिकीट काढा. बडोद्याहून कोकण रेल्वेमार्गे जाणारी गाडी घ्या आणि कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवली यांपैकी ती कुठे थांबते ते आधी बघा. कुडाळहून मालवण साधारण तीस किलोमीटर. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठलाच बसा. लांब पल्ल्याच्या काही गाड्या या तिन्ही स्टेशनांवर न थांबता सरळ मडगाव गाठतात, म्हणून थांबा तपासल्याशिवाय पैसे भरू नका.

४. डाइव्ह सेंटरला फोन करा. तीन प्रश्न विचारा: इन्स्ट्रक्टरकडे प्रमाणपत्र कोणतं? एका शिकाऊ माणसामागे एक इन्स्ट्रक्टर मिळेल का? होडीवर ऑक्सिजन असतो का? तिन्हींची उत्तरं सरळ आली तरच बुकिंग. फक्त “किती घेणार?” एवढं विचारून फोन ठेवू नका.

दुसरा टप्पा: घरी, टेबलापाशी

५. मास्क चेहऱ्याला जुळतो का ते बघा. पट्टा डोक्यावर न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तुमचा. पडला तर दुकानात जाऊन बदलून घ्या. मिशी असेल तर नाकाखालची बोटभर कड कातरा, नाहीतर पाणी तिथूनच शिरतं.

६. नव्या मास्कची काच आतून टूथपेस्टने घासा. बोटाने गोल गोल, दोन मिनिटं, मग धुऊन टाका. कारखान्यातला तेलकट थर निघाला नाही तर काचेवर वाफ धरते. जेल नको, पांढरी साधी पेस्ट घ्या. चष्मा असेल तर सेंटरकडे नंबरचा मास्क मिळतो का ते आत्ताच विचारून ठेवा. चष्म्यावर मास्क बसत नाही.

७. पट्टा बांधा. तो कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर यायला हवा. आवळून बांधाल तर रबर दुमडतं आणि उलट जास्त गळतं. गालावर खोल वळ उठला, की समजा फार घट्ट झालं.

८. मास्क घालून फक्त तोंडाने श्वास घ्या. खुर्चीत बसा, स्नॉर्कल दातांत धरा, ओठ मिटा. पाच मिनिटं आत सावकाश, बाहेर त्याहून सावकाश. नाक बंद झाल्यामुळे पहिल्या मिनिटाला छाती धडधडते. उठू नका, श्वास लांब करा.

९. टबात काठापासून चार बोटं कमी इतकं कोमट पाणी भरा. टब टेबलाच्या कडेला नको, जमिनीवर ठेवा आणि खाली जुनं पोतं अंथरा. लहान मूल घरात असेल तर पाणी भरलेला टब क्षणभरही सोडून जाऊ नका.

१०. चेहरा पाण्यात ठेवून स्नॉर्कलने श्वास चालू ठेवा. गुडघ्यांवर बसा, हात टबाच्या काठावर. स्वतःच्या श्वासाचा आवाज डोक्यात घुमतो, त्याची सवय इथेच करून घ्या. दम कोंडून किती वेळ राहता येतं याची पैज लावू नका. स्कूबात दम कोंडायचाच नाही, हा सगळ्यात मोठा नियम.

११. मास्कमध्ये पाणी घेऊन बाहेर काढा. बोटाने कड उचला, तळहातभर पाणी आत येऊ द्या. मग मास्कची वरची कड कपाळावर दाबा, मान जरा वर करा आणि नाकाने लांब फुंकर सोडा. पाणी खालून निघून जातं. मान खाली ठेवून फुंकर मारलीत तर पाणी डोळ्यांतच फिरतं. डोळे न मिटता दहादा जमलं की ही पायरी झाली.

१२. कान मोकळे करायला शिका. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि हळूच नाकातून हवा ढकला. दोन्ही कानांत बारीक ‘टक’ व्हायला हवं. जोर लावू नका. एकच कान उघडत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवून मगच पुढे जा.

१३. घरातल्या कोणाला समोर बसवून खुणा पाठ करा. अंगठा आणि तर्जनीचं गोल: ठीक आहे. पंजा आडवा धरून डुलवणं: काहीतरी बिघडलंय, आणि त्यानंतर कान, मास्क, जे बिघडलं त्याकडे बोट. दंडांवर हात चोळणं: थंडी वाजते. अंगठा खाली: खाली चला. अंगठा वर: वर चला. इथेच सगळे फसतात. मजा येतेय म्हणून अंगठा वर केलात, तर इन्स्ट्रक्टर तुम्हाला उचलून होडीवर आणून बसवेल. चहा पिताना, फोनवर बोलतानाही ‘ठीक आहे’साठी गोलच करा, म्हणजे हात आपोआप वळेल.

तिसरा टप्पा: तरणतलावात

१४. लालबागच्या तरणतलावात उथळ बाजूला पालथे तरंगा. मास्क आणि स्नॉर्कल लावा, हात पुढे, नजर तळाकडे. अंग ताठ केलंत तर पाय बुडतात. सोबत पोहणारा माणूस हवाच. एकट्याने जाऊ नका.

१५. पाय मांडीपासून हलवा. गुडघा जरासाच वाकू द्या आणि लांब, आळशी फटका मारा. सायकल चालवल्यासारखे पाय फिरवलेत तर पुढे सरकणार नाही, नुसतेच दमाल आणि समुद्रात तळाची वाळू उडवाल.

१६. छातीएवढ्या पाण्यात गुडघे वाकवून मास्कचं पाणी काढा. टबातली अकरावी पायरी, तशीच. स्नॉर्कलचं टोक पाण्याखाली जाऊ देऊ नका, नाहीतर पुढचा श्वास पाण्याचा येईल.

चौथा टप्पा: मालवणात, आदली रात्र आणि सकाळ

१७. आदल्या रात्री साधं जेवा आणि लवकर झोपा. गुजरातची दारूबंदी मागे टाकून आल्याचा आनंद डुबकीनंतरच्या दिवसासाठी राखून ठेवा. दारूने अंगातलं पाणी कमी होतं आणि होडीत पोट ढवळतं.

१८. सकाळी उठल्यावर कान मोकळे होतात का ते बघा. नाक चोंदलं असेल, एकही कान अडत असेल, तर डुबकी दुसऱ्या दिवशी ढकला. सर्दीची गोळी घेऊन उतरू नका. गोळीचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना हवा कानात अडकते.

१९. होडीच्या दोन तास आधी हलकी न्याहारी करा. वाटीभर पोहे किंवा दोन इडल्या पुरे. सेव-उसळीची सवय असलेल्या पोटाला आज सुट्टी द्या. अगदी उपाशीही जाऊ नका, रिकामं पोट जास्त उलटतं. होडी लागत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी आत्ता घ्या.

२०. दागिने खोलीवर काढून ठेवा. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही. मंगळसूत्र, साखळी, कानातलं, सगळं. घडियाळी पोळीत अंगठी पुन्हा घडवून मिळेल, पण समुद्राच्या तळाशी गेलेली मिळायची नाही.

२१. सेंटरवरचा तब्येतीचा फॉर्म वाचून भरा. पहिल्या पायरीतली यादी शेजारी ठेवा. सगळीकडे घाईघाईने ‘नाही’वर खूण करत सुटू नका. हा कागद तुमच्या सोयीचा आहे, सेंटरच्या नाही.

पाचवा टप्पा: होडीवर

२२. वेटसूट चढवा. पायाला प्लास्टिकची पिशवी घालून पाय आत सरकवा, मग पिशवी काढा. रबर भराभर वर येतं. डिसेंबर-जानेवारीत इथलं पाणी साधारण २६-२७ अंशांचं असतं. ऐकायला गार वाटत नाही, पण पाण्यात अंगाची ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगाने जाते. आखूड सूट देत असतील आणि तुम्हाला थंडी लवकर वाजत असेल, तर पूर्ण बाह्यांचा मागून घ्या. नखांनी ओढू नका, रबर फाटतं. बोटांच्या पेरांनी धरा.

२३. वजनाचा पट्टा इन्स्ट्रक्टरकडून बांधून घ्या. बकल कुठल्या हाताने सुटतं ते त्याच्यासमोर एकदा करून दाखवा. टाकीचं जाकीट पट्ट्यावर येऊन बकल झाकलं जात असेल तर आत्ताच सांगा.

२४. हवा तपासा. टाकीची हवा देणारा रेग्युलेटर तोंडात घेऊन चार लांब श्वास घ्या आणि त्याच वेळी प्रेशर गेजचा काटा बघा. भरलेली टाकी २०० बारच्या आसपास दाखवते. श्वासागणिक काटा खाली-वर नाचत असेल तर टाकीची झडप नीट उघडलेली नाही. हवेला तेलाचा वास आला तर ती टाकी नको म्हणा, भीड बाळगू नका.

२५. मास्कच्या काचेवर बेबी शाम्पूचा एक थेंब पसरून विसळा. ही पायरी उतरण्याच्या ऐन आधी करायची. आधी करून मास्क उन्हात ठेवलात तर शाम्पू वाळून डोळ्यांत चुरचुरतो.

२६. एका हाताने मास्क आणि रेग्युलेटर दाबून धरून पाण्यात उतरा. इन्स्ट्रक्टर सांगेल तसं शिडीवरून किंवा काठावरून पाठमोरे. हात सुटला तर मास्क कपाळावर जातो आणि पहिलाच घोट खारट.

२७. शिडी धरून चेहरा पाण्यात घाला आणि वीस श्वास मोजा. गार पाणी मानेतून आत शिरताच श्वास तोकडा होतो, तो लांब करायला हाच वेळ. वीस होईपर्यंत खाली जायची खूण देऊ नका. कोणी घाई केली तर पंजा डुलवून दाखवा.

सहावा टप्पा: खडकावर

२८. ‘ठीक आहे’ दाखवा आणि मग अंगठा खाली करा. दोन्ही खुणा इन्स्ट्रक्टरच्या डोळ्यांत बघून. त्याने तीच खूण परत दिल्याशिवाय हलू नका.

२९. दर अर्ध्या मीटरला कान मोकळे करा. दुखायच्या आधी, दुखल्यावर नाही. कान अडला तर कानाकडे बोट दाखवा, जरासे वर या आणि पुन्हा करा. तरीही उघडला नाही तर वर या. आजचा दिवस तिथेच संपला. ‘सहन करतो थोडं’ म्हणाल तर पडदा जाईल.

३०. श्वास चालू ठेवा. आत, बाहेर, आत, बाहेर, न थांबता. मासा बघून आश्चर्याने श्वास रोखला जातो, तिथेच सावध व्हा. बुडबुड्यांचा आवाज बंद पडला म्हणजे तुम्ही दम कोंडलाय.

३१. आडवे व्हा आणि हात पोटाशी घ्या. पहिल्या डुबकीला १२ मीटरची मर्यादा असते, मालवणात बहुधा त्याहून बरंच वरच थांबतात. कुठेही टेकू नका. खडकाच्या भेगांत काटेरी सी अर्चिन असतात आणि त्यांचा काटा वेटसूटमधूनही घुसतो.

३२. एकाच खडकासमोर थांबा. माशांच्या मागे पोहाल तर मासे पळतील. दोन मिनिटं शांत राहिलात तर तेच जवळ येतात. आधी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे झुंडीने, मग जोडीने फिरणारे बटरफ्लाय फिश, मग कपारीतून तोंड बाहेर काढून बसलेला एखादा गोबरा. कटकट असा आवाज आला तर आजूबाजूला पोपटमासा शोधा, तो चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत असतो. पिसाऱ्यासारखे पर पसरलेला लायनफिश दिसला तर हातभर अंतर ठेवा, त्याच्या काट्यांत विष असतं.

३३. आता एकाच माशावर नजर लावा. पाठ पिवळी, अंगावर पाच उभे काळे पट्टे, तळहाताएवढा: हा सार्जंट मासा. तो एका जागी पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याच्यामागचा खडक नीट बघा. जांभळट मखमलीसारखा डाग दिसेल, ती त्याची अंडी. नर ती राखतो आणि पराने वारा घातल्यासारखं पाणी हलवत राहतो. बोट पुढे केलंत तर तो चावायला येईल. दात बारीक, पण दचकून तुम्ही श्वास रोखाल, म्हणून बोट मागेच ठेवा.

३४. पोळी-पाव माशांना घालू नका. कोणी बाटलीतून पाव आणला असेल तरी नको म्हणा. आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे, तुकडा पिशवीत सापडला तर गुन्हा.

३५. हुडहुडी भरली तर दंड चोळून दाखवा. पहिली थरथर आली तेव्हाच, दहावी यायची वाट बघू नका. फोटो राहिला तर राहू द्या.

३६. इन्स्ट्रक्टरने अंगठा वर केला की सावकाश वर या. आपल्या सगळ्यात बारीक बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही. श्वास चालूच. डोकं बाहेर आलं तरी शिडी हातात येईपर्यंत रेग्युलेटर तोंडातून काढू नका, एखादी लाट तेवढीच वाट बघत असते.

सातवा टप्पा: वर आल्यावर

३७. ओला सूट काढून टॉवेलने पुसा आणि जाकीट, कानटोपी घाला. होडी चालू झाली की वाऱ्याने खरी थंडी वाजते. ओल्या सुटातच बसून बंदरापर्यंत येऊ नका.

३८. तासाभरात दोन-तीन पेले पाणी प्या. सोलकढी, माशाची थाळी, सगळं त्यानंतर. कान दुखत राहिला, सांधे दुखले, चक्कर आली किंवा अंगाला मुंग्या आल्या, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणू नका. सेंटरला कळवा आणि डॉक्टर गाठा.

३९. उंचीवर जाण्याआधी थांबा. एका डुबकीनंतर निदान १२ तास आणि एकापेक्षा जास्त झाल्या असतील तर निदान १८ तास विमान नको. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून तिकीट काढलं असेल तर सरळ २४ तासांचं अंतर ठेवा. आंबोली, फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट त्याच दिवशी चढू नका. परतीला कोकण रेल्वेमार्गेच या, ती घाट न चढताच घरी आणते.

४०. मास्क आणि स्नॉर्कल गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. अर्धा तास, मग सावलीत वाळवा. गच्चीवर उन्हात टाकलंत तर रबर पिवळं पडून कडक होतं.

४१. जमलं असेल तर पुढच्या मोसमाला पूर्ण कोर्स करा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. ओपन वॉटर कोर्सला तीन-चार दिवस लागतात आणि मोठ्यांना त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाता येतं. कोर्सचे दिवस धरूनच रजा टाका. निम्म्यावर सोडला तर कार्ड मिळत नाही.

४२. खऱ्या थंड पाण्याची हौस कार्ड हातात आल्यावर करा. मुलगी न्यूझीलंडला असेल तर तिथलं पुअर नाइट्स बेटांजवळचं पाणी हिवाळ्यात १५ अंशांच्या आसपास असतं. त्याला ७ मिलिमीटरचा सूट, टोपी आणि हातमोजे लागतात. भाऊ कॅनडात व्हँकुव्हरकडे असेल तर खोल पाणी दहा अंशांच्याही खाली, म्हणजे ड्राय सूट आणि त्याचं वेगळं प्रशिक्षण. मालवणचा सूट बॅगेत घालून तिकडे उतरू नका. जाड सूट जास्त तरंगतो, म्हणून वजनाचा पट्टाही तिथे नव्याने जुळवून घ्या, आणि पहिली डुबकी तिथल्याच इन्स्ट्रक्टरबरोबर.